आढीतलं पुस्तक

आमच्या गावच्या आंब्यांची पेटी लिफ्टमधून वर निघाली की लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबते. बटण कुणी दाबलेलं नसतं. ती आपली आपण थांबते, दार उघडते, त्या मजल्याला वास देते आणि पुढे जाते. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला, त्याला दोष काही सापडला नाही. जाताना दोन आंबे मात्र घेऊन गेला. यात फारसं खोटं नाही.

यंदाही पेटी आली. फळ्यांच्या फटीतून गवताच्या काड्या लिफ्टभर सांडल्या आणि मी घरात पोचायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न येऊन पडला, ‘लिफ्टमध्ये कचरा कोणी केला?’ कचरा! मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि केरसुणी घेऊन परत लिफ्टमध्ये शिरलो. आत शाळकरी वयाच्या दोघी होत्या, सुट्टीतल्या. त्यांचं जोरात भांडण चाललेलं.

“तू वाच तर, यार. सॉलिड आहे. मी रडले.”

“तू शाम्पूच्या जाहिरातीला पण रडतेस.”

“शप्पथ सांगते, पाचपैकी पाच.”

“मागच्या पुस्तकाला पण पाचच दिलेलेस. तुझ्याकडे चार नाहीतच का गं?”

मी काड्या गोळा करायला वाकलो होतो, तो तसाच वाकलेला राहिलो. लिफ्ट खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. त्या दोघी कधीच्या उतरून गेल्या होत्या. माझ्या मुठीत गवत होतं आणि कानात तिसरीच एक मुलगी बोलत होती, “कार्बाइड आहेस तू. कार्बाइड!”

आज जिथे हा टॉवर आहे तिथे आमची चाळ होती. जोगेश्वरी पूर्वेला, टेकडीच्या उतारावर, आणि इतकी तिरकी की वरच्या खोलीत वाटाणे सांडले तर खालच्या खोलीत उसळ व्हायची. आजोबा मंडळी गिरणीसाठी कोकणातून आली. गिरण्या गेल्या. मग बापांनी मिळेल ते केलं; कुणी कुरियर, कुणी रिक्षा, कुणी बँकेच्या दारात बंदूक धरून उभं राहणं. कोकणातलं म्हणून आमच्याकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या, भांडायची हौस आणि मे महिन्यातली पेटी. आंबे हिरवे, टणक यायचे. आई खाटेखाली पेंढा पसरायची, त्यावर आंबे मांडायची, वर पुन्हा पेंढा. ही आढी. घराघरात खाटेखाली आढी, आणि वर आम्ही. आंबे पिकतात ते आमच्या अंगाच्या उबेने, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. अजून आहे.

साक्षी आमच्या समोरच्या खोलीतली. आम्ही दोघांनी आणि बंट्याने, म्हणजे नळाजवळच्या खोलीतल्या आमच्या भूतप्रेमी मित्राने, दहावीची परीक्षा एकत्रच दिली होती. परीक्षा संपलेली, निकाल लागायचा होता. आयुष्यात तेवढा एकच मे असा असतो, जेव्हा अभ्यास कर म्हणून कुणी सांगू शकत नाही आणि नापास झालास म्हणूनही कुणी बोलू शकत नाही. त्या मेमध्ये आम्ही पुस्तकं खाल्ली. शाळेमागच्या छोट्या वाचनालयाची कपाटं आमच्या भीतीने रात्रीतून जागा बदलायची, असं तिथल्या बाई सांगत. म्हणजे त्यांनी सांगितलं नसेल, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसायचं.

साक्षी वाचायची उंबऱ्यावर बसून. वेणीचं टोक तोंडात, शेजारी ताटलीत मीठ-तिखट लावलेल्या कैरीच्या फोडी, पाय पार गल्लीत. येणाराजाणारा तिचे पाय ओलांडून जायचा. ती मान वर करायची नाही. आतून तिची आई, म्हणजे काकी, ओरडायची, “डोळे भायर पडतले गो तुजे!” आणि साक्षी पान उलटत म्हणायची, “पडले की सांग.” पानांच्या कडांना तिच्या बोटांचं तिखट लागलेलं असायचं. तिच्यामागून ते पुस्तक मी वाचायचो आणि डोळे चोळायचो. करुण पुस्तक असलं की बरंच व्हायचं, काय कशामुळे झालं ते कळायचं नाही.

ऊन उतरलं की आम्ही पाण्याच्या टाकीवर जमायचो. सिमेंटचा तो कट्टा दिवसभर तापलेला असायचा. बसलं की चटका बसायचा आणि मग हळूहळू खालच्या पाण्याचा गारवा वर यायचा. तिथे पुस्तकांचा भाव ठरायचा. आकड्यांत नाही. आकडे निकालाला. आमचे भाव चार होते, हापूस, पायरी, रायवळ आणि कैरी.

“हापूस!” बंट्या म्हणायचा. “डबल हापूस! भूत विहिरीतून वर येतं ना, तेव्हा मी चहा सांडला, यार.”

“कालच्या भुताचे पाय उलटे होते,” साक्षी शांतपणे विचारायची. “ह्याचे?”

“उलटेच.”

“मग रायवळ.”

“रायवळ गोड असतो!”

“म्हणून तर रायवळ म्हटलं. नाहीतर कैरी म्हटलं असतं.”

कैरी ठरलेलं पुस्तक मात्र टाकून द्यायचं नाही. हा साक्षीचा कायदा. “कच्चा आंबा कोणी फेकतं का रे? आढीत घालतात.” तेव्हा ज्याने कैरी म्हटलं त्याने ते पुस्तक आपल्या खाटेखालच्या आढीत, आंब्यांच्या खाली, गवतात ठेवायचं. ज्याने ठेवलं त्यानेच काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि काढायच्या आधी हुंगायचं. आंबा दाबून बघणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत. आंबा वासाने कळतो. वास आला तर काढायचं आणि पुन्हा वाचायचं. आईशप्पथ सांगतो, पुस्तकं पिकायची. दहा दिवसांपूर्वी दात आंबवणारं पुस्तक आता असं उतरायचं की शेवटचं पान चाटून पुसून घ्यावं. गवताने पुस्तक पिकतं की वाचणारा, यावर आमची मारामारीसुद्धा झाली. बंट्याचं मत होतं, गवत.

असली चूक आमच्यासारख्यांनीच करावी. वाचनालयातून आणलेलं एक जाडजूड पुस्तक बंट्याने आढीत घातलं आणि वरचा पायरी आंबा फुटला. पुस्तक पिकलं ते पार सालीसकट. आम्ही तिघं ते घेऊन वाचनालयाच्या बाईंसमोर उभे. बाईंनी चिकटलेली पानं सोडवली, चष्मा कपाळावर नेला, पुस्तक नाकाशी धरलं आणि कितीतरी वेळ धरून ठेवलं. मग म्हणाल्या, “देवगडकडचे का रे तुम्ही?” दंड झाला नाही. ते पुस्तक पुढे त्या कुणालाच घरी नेऊ देत नसत. येता-जाता स्वतःच हुंगत असाव्यात.

आणि मी? मला कैरी म्हणता यायचं नाही. मी आपला हातात येईल ते पुस्तक हापूस करायचो. “हे वाचत होतो तर घरातला पंखा थांबला. ऐकायला थांबला!” “ह्यातला तिसरा धडा वाचून आमच्या मांजरीने दूध सोडलं.” एकदा तर मी सांगितलं, एक पुस्तक इतकं थंडगार आहे की ते उशाशी घेऊन झोपलो आणि सकाळी मला सर्दी. साक्षीने ती सगळी वाचली, एकही न सोडता, आणि टाकीवर निकाल दिला.

“बाजारात मे लागायच्या आधी पिवळेधमक आंबे येतात बघ. पूड घालून पिकवलेले. वरून सोनं, आतून आंबटढाण. तू तो आहेस. कार्बाइड.”

“पण तू सगळी वाचलीस.”

“तू कधीतरी खरं सांगशील म्हणून वाचते.”

नाव चाळभर झालं. आईसुद्धा मला त्याच नावाने जेवायला हाक मारायची.

आता इतक्या वर्षांनी मोबाइलवर पोरं पुस्तक गालाशी धरून बोलताना बघतो. अमेझिंग, माइंडब्लोइंग, वाचलं नाहीत तर जगलात कशाला. मी हसत नाही. मला त्यांचं कळतं. ‘हे वाच’ असं कुणाला म्हणणं म्हणजे स्वतःच्या खोलीचं दार सताड उघडं टाकून आपण बाहेर जाऊन उभं राहणं. तो माणूस आत फिरेल, खाटेखाली बघेल, बाहेर येऊन म्हणेल, काही खास नाही रे. ते ऐकायच्या आधी आपण दाराला झालर लावतो, तोरण लावतो, बँड लावतो. माझ्याकडे तर सगळ्या वाद्यांचा बँड होता.

तो एकदाच वाजला नाही. स्टेशनकडच्या रद्दीवाल्याच्या ढिगात मला एक बारकं पुस्तक मिळालं. कव्हर गेलेलं, पहिली पानं गेलेली, नाव कळायला मार्ग नाही. दुपारी जोगेश्वरीच्या लेण्यात गारव्याला जाऊन बसलो आणि वाचलं. संपलं तसं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वर छतातून पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. संध्याकाळी टाकीवर ते मधे ठेवलं आणि माझी वाचाच बसली.

“काय आहे त्यात?” साक्षी.

“होडीवाला आहे एक. खाडीवर पूल होतो. मग होडीत कोणी बसत नाही. तो तरी रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसतो, पलीकडून कोणी हाक मारेल म्हणून.”

“मारतं?”

“नाही.”

“मग?”

“एकदा एक शेळी येते. तिला पलीकडे सोडून येतो. पुन्हा बसतो. संपलं.”

“भूत?” बंट्याने आशेने विचारलं.

“नाही.”

“शेळीचं पण नाही?”

साक्षीने वेणी तोंडातून काढली. “पंखा थांबला नाही?”

“नाही.”

“मांजर?”

“मला आवडलं, एवढंच,” मी म्हणालो. “तू वाच.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तापलेला कट्टा, खाली पाणी भरायला लागल्याचा आवाज, घराघरांतून बादल्या निघालेल्या. मला ती आवडायची, हे सांगायला कुणी आढी उचकटायला नको होती. चाळीतल्या शेंबड्या पोरापासून सगळ्यांना ठाऊक होतं. मला ते बोलता येत नव्हतं. आणि त्या होडीवाल्याने माझ्या वतीने ते सगळं बोलून टाकलं होतं, असं मला त्या लेण्यात वाटलं होतं. तिला पुस्तक आवडलं तर मी आवडलो. सोळाव्या वर्षी हिशेब असेच असतात.

दुसऱ्या दिवशी ती टाकीवर आली आणि म्हणाली, “कैरी.”

मी हसलो. इतका हसलो की गोरेगावपर्यंत ऐकू गेलं असेल.

“काहीच होत नाही रे यात,” ती म्हणाली. चिडवत नव्हती, खरंच शोधून दमल्यासारखी. “मी दोनदा बघितलं. माझ्या आढीत ठेवते. पुढच्या मेमध्ये बघू.”

“एक वर्ष? दहा दिवसांत पिकतात की.”

“हे कोवळं आहे फार.” मग टाकीवरून उतरता उतरता, पाठमोरी, “ह्यात कार्बाइड नाहीये पण. तेवढं कळलं मला.”

ते वाक्य घेऊन मी घरी गेलो. त्या दिवशी मी टेकडी चढलो नाही, टेकडी माझ्या पायाखालून खाली गेली. ह्यात जराही खोटं नाही.

जून लागला. निकाल आले आणि चाळ रिकामी करायची नोटीसही आली. टॉवर होणार होता. आम्ही भाड्याने कांदिवलीला, बंट्याचे घरचे भांडुपला, साक्षीचे विरारला. टेम्पोत खाटा उभ्या चढल्या आणि प्रत्येक खोलीत जमिनीवर पेंढ्याचा एक पिवळा चौकोन उरला. कॉलेजच्या ॲडमिशनला भेटू, असं आम्ही एकमेकांना ओरडून सांगितलं.

आणि इथे मला वाढवून काही सांगता येत नाही. तिला ताप आला. डेंग्यू निघाला. गणपतीच्या आधी ती गेली. बंट्याचा फोन आला तेव्हा मी त्याला म्हणालो, “फेकू नकोस.” फेकायचो मी, बंट्या जन्मात कधी फेकला नव्हता. त्याने पलीकडून तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि मला कळलं. तेव्हापासून मी पुष्कळ फेकलं आहे, ऑफिसात, लग्नात, पार्ट्यांत. एकही गोष्ट त्या एका फोनला खोटं पाडू शकली नाही.

दर मेमध्ये बंट्याचा मेसेज येतो, ‘पेटी आली का?’ मी लिहितो, ‘आली.’ एवढंच. पुस्तकाचं दोघंही काढत नाही. ते कुठे गेलं असेल? चाळीबरोबर मातीत? टेम्पोतून पडून हायवेवर? काकीला विचारणार कसं? ज्या बाईची लेक गेली तिच्यासमोर जाऊन म्हणायचं, माझं एक पुस्तक होतं?

टॉवर तयार झाला, चाव्या मिळाल्या, जुनी माणसं एकेक करून परत आली. काकी आमच्या खाली काही मजले सोडून राहते. लिफ्टमध्ये भेटली की “बरा मा?” म्हणते, मी “हो” म्हणतो आणि दोघंही आकडे बदलताना बघत राहतो. यंदा मुठीतलं ते गवत टाकवेना. पिशवीत आंबे भरले आणि तिच्या दारात गेलो.

“इलंस?” काकी म्हणाली. जशी काही वर्षानुवर्षं रोज याच वेळेला वाट बघत होती.

“आंबे आणलेत, काकी. हिरवे आहेत अजून. आढीत घालावे लागतील.”

“मगे घाल. खाटेखाली हा पेटी.”

मी खाली बसलो, वाकलो. जुनी लाकडी पेटी, आत मात्र पेंढा नवा, पिवळाजर्द. आंब्यांना जागा करायला हात घातला आणि बोटांना गवत लागलं, मग गवताखाली कागदाची कड.

“तेका हात लावू नको,” काकी मागून म्हणाली. “साक्षीन ठेवलला हा. तिनाच काढूक व्हया. असो नियम होतो मा तुमचो?”

माझं डोकं खाटेला आपटलं. बरं झालं, डोळ्यांतल्या पाण्याला कारण मिळालं.

“तू ठेवलंयस अजून?”

“खंय टाकतलंय? विरारच्या खोलीत नेलंय, थंयसून हय हाडलंय. दर वर्षाक गवात बदलतंय. जुना कुसता मा. पुस्तक उचलून बाजूक ठेवतंय, परत ठेवतंय. उघडूक नाय कधी.”

ती खाटेवर बसली. माझ्या पिशवीतला एकेक आंबा घेऊन देठाकडचा चीक पदराने पुसायला लागली.

“चाळ सोडताना तिना भायर काढल्यान होता,” ती म्हणाली. “मी म्हटलंय, घे बॅगेत. तर हुंगल्यान, नि हसली. म्हणता कशी, ‘आये, वास येऊक लागलो. आणखी थोडे दिस ऱ्हवांदे.’ नि पेटीत गवात घालून परत ठेवल्यान.”

आमच्याकडे ‘वास येऊ लागला’ असं आंब्याबद्दल कधी म्हणतात, ते तुम्हाला सांगायला नको. आज नाही, पण उद्या-परवा. फार तर चार दिवस.

मी तसाच जमिनीवर बसून राहिलो. खिडकीतून खालच्या मुलांचा आरडाओरडा येत होता.

“काय हा रे तेच्यात?” काकीने विचारलं. “इतकी वर्सां सांभाळलंय, माका काय तां ठाऊक नाय.”

एक क्षण बँड तयार झाला. होडीवाल्याला राजा करावा, शेळीला शिंगं सोन्याची, खाडीत वादळ, पलीकडून हाकांवर हाका. ह्या बाईला एवढं तरी देता यावं. मग मी तिला होतं तसं सांगितलं. होडीवाला, पूल, संध्याकाळ, शेळी. दोन मिनिटांत संपलं.

“हाक येणा नाय?”

“नाही.”

“तरी बसता?”

“बसतो.”

काकीने हातातला आंबा पुसून बाजूला ठेवला, दुसरा घेतला. तो पुसून झाला तरी पुसत राहिली.

“शेळयेक पलीकडे सोडल्यान,” ती शेवटी म्हणाली, “ता बरा केल्यान.”

मग आम्ही आढी लावली. ती वरून एकेक आंबा देत होती, मी गवतावर मांडत होतो, खालच्या थराला धक्का न लावता. वर पुन्हा गवत पसरलं. पेटी आत सरकवायच्या आधी मी वाकून वास घेतला. पेंढ्याचा आला, चिकाचा आला.

“येता काय रे?” काकीने विचारलं.

“अजून थोडे दिवस, काकी,” मी म्हणालो.